वीस मिनिटांचं काम, अकरा दिवस

जिप्सीचं पुढचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरांचा गोळा, त्याच्या लोखंडी घरातून, हाऊसिंगमधून, बाहेर ओढायला मला वीस मिनिटं लागली. तिथवर पोहोचायला चार दिवस गेले, आणि नवं आत बसून गाडी रस्त्यावर यायला आणखी आठवडा.

गाडी अप्पांची. २००४ ची जिप्सी किंग, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. अप्पा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आता गुडघे त्यांना गाडीखाली जाऊ देत नाहीत, म्हणून वाटणी अशी ठरली: खाली मी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सूचना द्यायला अप्पा. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. समोर शहाबादी फरशीची, दीड गाडी मावेल एवढी जागा, तीही रस्त्याकडे उतरती. वर्कशॉप म्हणजे एवढंच.

बिघाड माझ्यामुळे झाला हे आधी सांगून टाकते. जुलैत त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे जाताना एका फरशीपुलावर पाणी होतं. थांबायला हवं होतं, मी घातली. बरोब्बर मध्यावर असताना पलीकडून टेम्पो शिरला आणि मागे घ्यायला तयार होईना. पाच-सात मिनिटं गाडी एक्सल बुडवून उभी राहिली. चाळीस किलोमीटर पळून तापलेलं हाऊसिंग एकदम गार पाण्यात बसलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. हवा आत-बाहेर जायला वर ब्रीदर असतो. आमचा ब्रीदर चिखलाने गच्च बुजलेला निघाला. मग हाऊसिंगने सीलच्या कडेने पाणी ओढलं. घरी आल्यावर ऑइल बघायचं ही साधी गोष्ट मी केली नाही. धुतली, पुसली, लावली.

दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. पन्नासच्या पुढे गेलं की पुढून 'हूंऽऽ'. एका गॅरेजने पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलून दिली, पैसे घेतले, आवाज तसाच. त्यांनाही सगळा दोष देता येत नाही, कारण दोन्ही आवाज सारखेच वाटतात. आमच्या गाडीला पुढे फ्री व्हील हब, म्हणजे चाक एक्सलपासून सोडवायची सोय, नाही. त्यामुळे टू-व्हीलमध्ये चालवली तरी पुढची चाकं एक्सल शाफ्टला फिरवतात, शाफ्ट क्राऊनला (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र), क्राऊन पिनियनला (त्याला भिडलेलं छोटं). इंजिनाचा जोर नसतो, पण सगळं फिरत राहतं. फरक कळला तो दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत. मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील टाकली आणि आवाजाचा सूर माझ्या पायाबरोबर बदलायला लागला. ॲक्सिलरेटर दिला की जाड, सोडला की बारीक. चाकाच्या बेअरिंगला माझा पाय कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

घरी पुढची बाजू जॅकवर घेतली. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला, मूठ कानाला, आणि नवऱ्याला चाक हाताने फिरवायला सांगितलं. जात्यात खडा आल्यासारखी खरखर. पिनियनचा फ्लँज धरून हलवला तर वर-खाली हलला. तो तसा हलता कामा नये. पुढे-मागे फिरवताना थोडी चाल असते, पण वर-खाली म्हणजे पिनियनचं बेअरिंग गेलं.

आता ऑइल. अप्पांचा पहिला हुकूम: आधी भरायचं बूच उघड, मग खालचं सोड. खालचं सोडलं, ऑइल वाहून गेलं आणि मग वरचं बूच निघालंच नाही, तर गाडी रिकाम्या हाऊसिंगने तिथेच उभी राहते. आमचं वरचं बूच खरंच निघत नव्हतं. गंज खाऊन बसलेलं. भोवतालचं हाऊसिंग ब्लो टॉर्चने तापवायचं, पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, थांबायचं, पुन्हा. पूर्ण संध्याकाळ त्या एका बुचात गेली. शेवटी पान्याला दोन फुटी पाइप लावून नवऱ्याने ओढलं तेव्हा 'कट्' असा आवाज आला, आणि बूच तुटलं की सुटलं हे कळेपर्यंत आम्ही तिघंही गप्प. सुटलं होतं.

खालचं बूच काढल्यावर जे बाहेर आलं त्याला ऑइल म्हणायला जीभ वळेना. ताक. मळकं, घट्ट ताक, आणि शेवटी शेवटी त्यात चमचमणारी कचकच. बुचाच्या लोहचुंबकावर एक तुकडा चिकटून आला होता, नखाच्या कापाएवढा. अप्पांनी तो बोटांवर घेऊन उन्हात धरला. "हा दाताचा नाही, बेअरिंगचा आहे," म्हणाले. पण बेअरिंगचा चुरा क्राऊन-पिनियनच्या दातांतून फिरला म्हणजे दातही गेलेच. नवीन बेअरिंगं घालून पिनियनची उंची शिम (पातळ चकत्या) लावून जुळवायची, प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ताण, बघायचा, हे फरशीवर बसून करायचं काम नव्हे. सगळा नग बदलायचा असं ठरलं. जिप्सीत ते शक्य असतं. डिफरन्शियल त्याच्या कॅरियरसकट एका गोल तोंडातून अख्खं बाहेर येतं, हाऊसिंग गाडीलाच राहतं.

आता ते चार दिवस कुठे गेले ते.

पहिला अर्धा दिवस गाडी नुसती उभी करण्यात. उतार असल्यामुळे मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गिअरमध्ये. मी विटा आणल्या होत्या, त्या अप्पांनी रस्त्यावर ठेवायला लावल्या. वीट दाबाखाली न सांगता फुटते. चॅसीखाली दोन लोखंडी घोड्या लावल्या आणि जॅक हळूहळू उतरवला, तर डाव्या घोडीच्या पायाखालची शहाबादी 'तडक' करून दुभंगली. फरशीखाली पोकळी होती. पुन्हा जॅक, पुन्हा वर, आणि दोन्ही घोड्यांखाली जाड प्लायवूडचे चौकोन. गाडीला खांदा लावून हलवून बघितली, मगच मला खाली जायची परवानगी. फुटलेली फरशी आजही तशीच आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते.

मग चाकं. डिफरन्शियल बाहेर यायचं तर दोन्ही एक्सल शाफ्टची आतली टोकं त्यातून सुटायला हवीत. एक शाफ्ट लांब, एक आखूड, आणि दोघांच्या वाटेत पुढच्या चाकाचा सगळा संसार. ब्रेकचे कॅलिपर सोडून तारेने पाट्याला टांगले, होजवर लोंबकळू दिले नाहीत. टाय रॉडची टोकं काढली. हातोडा थेट टोकावर मारायचा नाही. ज्या डोळ्यात ते बसलेलं असतं त्याच्या कडेवर दोन टोले घातले की निसटतं. मग नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, त्याच्या मागची गोल पट्टी, आठ छोटे बोल्ट. त्या पट्टीखाली सील, त्यामागे वीस वर्षांचं काळं ग्रीस. ते ग्रीस मला केसांत सापडलं, चष्म्यावर सापडलं आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात कॅल्क्युलेटरच्या बटणांवर सापडलं.

नकल वर-खाली दोन किंगपिनांवर फिरतो. प्रत्येकाला चार बोल्ट, आणि पिनाखाली कागदाएवढ्या पातळ शिम. या शिम जिथल्या तिथे परत जायला हव्यात, नाहीतर स्टिअरिंग एक तर जड होतं किंवा डुलतं. इथे अप्पांचा कारखाना जागा झाला. आईचं जुनं इडलीपात्र मागवलं. एका ताटलीत डावं, एकीत उजवं, एकेका वाटीत एकेका जागेचे बोल्ट, आणि शिमला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'डा. वर', 'डा. खाली'. मला हे फार वाटलं होतं. डाव्या बाजूचं खालचं बेअरिंग किंगपिन काढताच टपकन माझ्या छातीवर पडलं, घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं, तेव्हापासून फार वाटेनासं झालं.

रोज संध्याकाळी पाने मोजायचे हा दुसरा नियम. विमानात पाना विसरला तर काय होतं हे अप्पांना सांगावं लागत नाही. काम संपलं की पेटीतल्या रिकाम्या जागा मोजायच्या आणि एक जरी कमी असला तरी घरात जायचं नाही. दुसऱ्या दिवशी बारा नंबरचा रिंग पाना कमी. साडेआठ वाजले, डास फोडून खात होते, मोबाइलच्या उजेडात पाऊण तास शोधलं. चॅसीच्या पट्टीवर वरच्या अंगाला ठेवलेला होता. मीच ठेवला असणार. गाडी तशीच निघाली असती तर तो कुठल्या तरी खड्ड्यात उडून प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाचा जोर डिफरन्शियलपर्यंत आणणाऱ्या फिरत्या दांड्यावर, पडला असता.

शाफ्ट सुटले. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आणि पिनियनच्या फ्लँजवर छन्नीने एकाच रेषेत खूण केली, चार बोल्ट काढले, शाफ्ट तारेने बाजूला बांधला. मग कॅरियरच्या गोल कडेचे आठ नट. हे मात्र लोण्यासारखे निघाले. रबरी हातोड्याने दोन बाजूंनी ठोकलं, जुनं सीलंट सुटलं, आणि वीस-बावीस किलोंचं ते धूड माझ्या पोटावरच्या गोणपाटावर आलं. तळाचं उरलेलं ताकही सोबत आलं. वीस मिनिटं. नवऱ्याने गोणपाट धरून मला आणि त्याला एकदमच बाहेर ओढलं.

दुसरा नग शोधायला द्वारका चौकाजवळ गेले. जुन्या पार्टच्या दुकानात बाईमाणसाने डिफरन्शियल मागितलं की पहिली पाच मिनिटं तुमच्या मागे कोण उभं आहे ते बघण्यात जातात. "जिप्सीचंच आहे ताई, डोळे मिटून लावा." हाताने फिरवलं तर छान फिरत होतं, दात चकचकीत. साडेआठ हजार देऊन घेऊन आले.

अप्पांनी चहा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "दात मोज."

खडूने एका दाताला खूण करून क्राऊनचे दात मोजले. ३७. पिनियनचे ९. भागाकार ४.१११. आमच्या जुन्याचे ४३ आणि ११, भागाकार ३.९०९. मी आणलं होतं ते आधीच्या एक लिटरवाल्या जिप्सीचं. बसलं असतं, बोल्टही जुळले असते, टू-व्हीलमध्ये महिनोन्महिने कळलंही नसतं. फोर-व्हील टाकल्या दिवशी पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबाने फिरायला लागली असती. फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर कुणाला तरी घासत जावं लागणार. चिखलात टायर घसरून ते भरून काढतात. घट्ट रस्त्यावर टायर घसरत नाहीत, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत, साठतो.

"मागचं तरी मूळचंच आहे कशावरून?" हा अप्पांचा पुढचा प्रश्न. ते न उघडता कळतं. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रलला. अशा वेळी अर्थातच पुढच्या चाकांना ठोकळे हवेत, आमची पुढची बाजू तर घोड्यांवर होती. म्हणून आधी जमिनीवरच्या चाकाला चारी बाजूंनी आवळलं. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. एकच चाक फिरत असल्याने क्राऊनचा एक फेरा होतो, आणि शाफ्टचे फेरे म्हणजेच तुमचा रेशो. रेघ चौथ्या फेऱ्याच्या किंचित अलीकडे थांबली. ४.१११ असतं तर चाराच्या पुढे गेली असती. मागचं मूळचंच होतं.

मला ४३ आणि ११ हे आकडेच विचित्र वाटले. ४४ आणि ११ का नाही, सरळ चार? अप्पांनी नखाने एका दातावर टकटक केलं. चार पट असेल तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहील. त्यात एक दात खरबडीत असेल तर ते चार खाऊन टाकेल. ४३ आणि ११ ला सामाईक भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि तीच जोडी परत समोर येते ती पिनियनचे ४३ फेरे झाल्यावर. झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत मसावि शिकवताना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुकानदाराने नग परत घेतला, कुरकुर करत, पाचशे कापून. दुसरा मिळायला पाच दिवस गेले. त्याचे दात मी दुकानातच, त्याच्या काउंटरवर, खडू घेऊन मोजले. ४३, ११.

तरी अप्पांचं समाधान नाही. शेजारचे काका अंबडला टूलरूममध्ये आहेत. त्यांच्याकडून चुंबकी स्टँडचा डायल गेज आला. पिनियन घट्ट धरायचा, गेजची सुई क्राऊनच्या दातावर टेकवायची आणि क्राऊन हलकेच पुढे-मागे. सुई ०.१६ मिलिमीटर हलली. चार जागी मोजलं, फारसा फरक नाही. एवढी मोकळीक हवीच, काका म्हणाले, नाहीतर गरम झाल्यावर दात एकमेकांत आवळतात. मग दातांवर शेंदूर तेलात कालवून लावला आणि फिरवून ठसा बघितला. ठसा दाताच्या मध्यावर, ना टोकाला ना बुडाशी. देवघरातला शेंदूर संपला म्हणून आईने वेगळं ऐकवलं.

बसवताना सफाईला जास्त वेळ गेला. हाऊसिंग डिझेलने तीनदा धुतलं आणि जुन्या बनियनने पुसलं, हात आत घालून, शेवटचा फडका पांढरा निघेपर्यंत. तोंडाच्या कडेचं जुनं सीलंट ब्लेडने खरवडलं. ब्रीदर उघडून तारेने साफ केला. ते काळं डिझेल आणि ताक सगळं कॅनमध्ये, तो कॅन जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला. आमच्या गल्लीचं गटार थेट नासर्डी नदीला जातं. नवं सीलंट, आणि मग मी पाठीवर, डिफरन्शियल जॅकच्या डोक्यावर फळी ठेवून त्यावर, नवरा बाजूने तोल सांभाळत. स्टड भोकांत शिरेपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांशी जे बोललो ते लिहीत नाही. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने.

शाफ्टची आतली ऑइल सील नवी घातली. शाफ्ट आत ढकलताना त्याच्या टोकावरच्या खाचा, स्प्लाइन, सीलच्या ओठाला लागू द्यायच्या नाहीत. तो तोलून, सरळ, ग्रीस लावून न्यायचा, आणि गिअरशी जुळेना तर हळूच फिरवायचा, रेटायचा नाही. उजवा आखूड शाफ्ट पहिल्या फटक्यात गेला. डावा लांब. हात भरून आले होते, अंधार पडत होता, मी रेटला.

दोन लिटर ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. त्याचा गंधकाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. गल्लीत एक चक्कर मारली, आवाज नाही, पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, नकलच्या बुडाशी, पिवळसर थेंब. आणि तोच वास. सील फाटलं होतं. कॅलिपर, टाय रॉड, आठ बोल्ट, किंगपिन, काळं ग्रीस, इडलीपात्र, सगळी डावी बाजू पुन्हा. एका ऐंशी रुपयांच्या सीलसाठी पूर्ण रविवार. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त शाफ्ट आत जाताना खुर्ची अगदी जवळ ओढून बसले.

ब्रीदरला आता रबरी नळी लावून ती इंजिनाच्या खोलीत वर, बॅटरीच्या उंचीला नेऊन बांधली आहे. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल सोडून पाहिलं. रंग मधासारखा, चुंबकावर राखाडी मऊ गाळ, तुकडा एकही नाही. जुनं डिफरन्शियल आम्ही एका दुपारी उघडलं. पिनियनच्या बेअरिंगचे रोलर देवी आल्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते, आणि क्राऊनवर एका सरळ रेषेत गंज चढलेला होता. जुलै ते दिवाळी गाडी उभी असताना आत पाणी कुठवर यायचं, त्याची रेषा. अप्पांनी पट्टीने मोजली, बत्तीस मिलिमीटर.